ऑर्डर्ली डिपार्चर : रांगेत उभं राहून देश सोडणं आणि सही करून परत जाणं

गुलबक्षी
मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील गेले. व्हिएतनामी कुटुंब. आम्ही सॅन होजेत राहतो, इथे व्हिएतनामी शेजार काही नवलाचा नाही. स्टोरी रोडवर गेलं की पाट्या, भाज्या, म्हाताऱ्यांचे कॉफीचे अड्डे, सगळं त्यांचंच. पण बारा वर्षं एकत्र डबा खाऊनही "तुम्ही इकडे कसे आलात?" असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. गृहीतच धरलं होतं की बोटीतून आले असतील.

आपल्याकडे तेरावं, तसा त्यांच्याकडे एकोणपन्नासावा दिवस. त्याच्या तयारीला गेले होते. कपाट आवरताना एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी निघाली, वर तीन अक्षरं, आय-ओ-एम (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना). आत चौघांच्या छातीचे एक्स-रे आणि विमानाच्या तिकिटांसाठी घेतलेल्या कर्जाची प्रॉमिसरी नोट. तिने एक एक्स-रे खिडकीकडे धरला. म्हणाली, "हा बाबांचा. ह्या डागापायी आमचं सहा महिने अडलं होतं." मी म्हटलं, बोटीत चढताना एक्स-रे कुठे काढायचे? ती हसली. "आम्ही बोटीतले नाही गं. आम्ही एचओ दहा."

मग महिनाभर मी वाचत सुटले. जे कळलं ते इथे टाकते, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. हिचे वडील दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन. जूनमध्ये नव्या सरकारचं फर्मान निघालं की अधिकाऱ्यांनी महिनाभर पुरेल एवढी शिदोरी आणि कपडे घेऊन 'पुनर्शिक्षणा'साठी हजर व्हावं. महिन्याची शिदोरी घेऊन गेलेला माणूस सहा वर्षांनी घरी आला. तोवर बाहेर बरंच काही झालं होतं. मार्च १९७८ मध्ये खाजगी व्यापार बंद केला, त्यात सायगावच्या चोलोन भागातले चिनी वंशाचे व्यापारी बुडाले. शहरातल्या लोकांना 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त, म्हणजे रानात, शेती करायला धाडलं. १९७९ च्या सुरुवातीला चीनशी युद्ध. लोक मिळेल त्या होडीतून समुद्रात उतरू लागले. चिनी वंशाच्या लोकांना तर सरकारी माणसंच सोनं घेऊन वाट मोकळी करून देत होती. दर माणशी आठ-दहा ताएल. एक ताएल म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, आपल्या हिशोबात पावणेचार तोळे. करा गुणाकार.

मलेशियाचं पुलाव बिडोंग नावाचं बेट, जेमतेम एक चौरस किलोमीटर. १९७९ च्या जूनमध्ये त्यावर चाळीस हजार माणसं होती. आसपासच्या देशांनी हात वर केले, बोटी परत समुद्रात ढकलू लागले. तेव्हा ३० मे १९७९ ला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने (इथून पुढे नुसतं उच्चायुक्तालय म्हणते) व्हिएतनाम सरकारशी करार केला. ज्यांना जायचंय त्यांनी बोटीने न जाता अर्ज करून, व्हिसा घेऊन, विमानाने जावं. हाच 'ऑर्डर्ली डिपार्चर प्रोग्रॅम'. जुलैमध्ये जिनिव्हाला ६५ देश बसले, घेऊन जायच्या माणसांचा आकडा १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर गेला, आणि व्हिएतनामने बेकायदा बाहेर पडणं रोखायचं कबूल केलं.

कागदावर छान. प्रत्यक्षात दोन याद्या. एक व्हिएतनामची, कोणाला जाऊ द्यायचं याची. दुसरी अमेरिकेची, कोणाला घ्यायचं याची. सुरुवातीला दोन्हींत सापडणारी नावं अगदी मोजकी. शिवाय अमेरिका आणि व्हिएतनामचे राजनैतिक संबंधच नव्हते (ते १९९५ मध्ये जुळले). म्हणून अमेरिकेचं ऑफिस बँकॉकला, आणि अधिकारी तिथून विमानाने सायगावला येऊन मुलाखती घेऊन जायचे. १९८६ मध्ये त्याही थांबल्या, १९८७ ला परत सुरू झाल्या. मैत्रिणीच्या आईने पहिला अर्ज १९८२ मध्ये केला. अर्ज केल्याचं कळल्यावर आईची शाळेतली नोकरी गेली. बँकॉकहून येणारं 'परिचयपत्र' (लेटर ऑफ इंट्रोडक्शन) यायला चार वर्षं. तोवर आई बाजारात तांदळाच्या वड्या विकत होती.

त्याच १९८२ साली, ऑगस्टमध्ये, तिचा मामा वाट बघून कंटाळला आणि राचया नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाहून रात्री होडीत बसला. 'व्हुओत बिएन', म्हणजे सीमा ओलांडणं, असं म्हणतात ते त्याला. त्यानंतर पत्र नाही, काही नाही.

३० जुलै १९८९ ला अमेरिका आणि व्हिएतनाम सरकारांचं ठरलं की तीन किंवा जास्त वर्षं 'पुनर्शिक्षणा'च्या छावणीत काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेला जाता येईल. जानेवारी १९९० पासून तुकड्या निघाल्या. या योजनेला एचओ म्हणत आणि याद्यांना नंबर होते, म्हणून आजही हे लोक आपली ओळख "एचओ पाच", "एचओ दहा" अशी देतात. आपण एसेसीची बॅच सांगतो तशी.

आता माझा खरा प्रश्न. ज्यांना रांग परवडली नाही, जे बोटीने हाँगकाँग, मलेशिया, इंडोनेशियाला पोचले, त्यांचं १९८९ नंतर काय झालं? त्यांच्या मुलाखती झाल्या, बऱ्याच जणांना "तुम्ही निर्वासित नाही" असं सांगितलं, आणि 'स्वेच्छेने' मायदेशी जायला सांगितलं. १ लाख ९ हजारांच्या आसपास लोक असे परत गेले. हा 'स्वेच्छा' शब्द माझ्या घशात अडकलाय. तारेच्या कुंपणाआड पाच वर्षं ठेवून पुढे फॉर्म सरकवला, तर खालची सही स्वेच्छेची म्हणायची का?

सायगावकर
माझा आयडी बघून कोणीतरी इथे टॅग केलं. मी जावळी तालुक्यातल्या सायगावचा. आमच्या इथून लोक फक्त मुंबईला जातात आणि गणपतीला स्वेच्छेने परत येतात. लेख मात्र एका दमात वाचला. वाचतोय.

खडूस_आजोबा
लेख चांगला, निष्कर्ष भावनिक. थोडं उलट बाजूने बोलतो.

१९७९ ते १९८८ काय चाललं होतं? बोटीने किनारा गाठला की तो आपोआप निर्वासित, आणि आज ना उद्या अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. म्हणजे समुद्र ओलांडणं हीच परीक्षा. त्या परीक्षेत मेले किती? थायलंडच्या आखातातले चाचे आठवा. एकट्या १९८१ मध्ये थायलंडला पोचलेल्या ४५२ बोटींपैकी ३४९ लुटल्या गेल्या, आणि एकेक सरासरी तीनदा. बायकांचं काय झालं ते इथे लिहीत नाही. जी व्यवस्था माणसाला असल्या समुद्रात उतरायचं बक्षीस देते ती दयाळू कशी?

जून १९८९ च्या जिनिव्हा परिषदेत 'सर्वंकष कृती आराखडा' ठरला. १४ मार्च १९८९ नंतर आलेल्या प्रत्येकाची छाननी (हाँगकाँगसाठी तारीख आधीची, १६ जून १९८८). खरा छळ झालेला असेल तर तिसऱ्या देशात, नसेल तर घरी. परिणाम बघा. १९८९ मध्ये त्या भागात सुमारे ७० हजार व्हिएतनामी बोटीने आले. १९९२ मध्ये किती? ४१. हजार-बिजार नाही, नुसते एक्केचाळीस. शून्यं खाल्लेली नाहीत. तेवढे लोक बुडायचे वाचले. आणि गुलबक्षीताई, तुमच्याच मैत्रिणीचं कुटुंब रांगेत थांबून सुखरूप पोचलं ना? ऑर्डर्ली डिपार्चरने एकूण सहा लाखांवर माणसं विमानाने नेली. १९८४ मध्येच विमानाने जाणारे बोटीने पोचणाऱ्यांपेक्षा जास्त झाले होते. बाबू लोकांनी बनवलेल्या योजना क्वचित इतक्या चालतात. ही चालली.

गुलबक्षी
आजोबा, ४१ चा आकडा माहीत नव्हता, खरंच धन्यवाद. बोटी थांबायला हव्या होत्या याबद्दल वादच नाही. पण रांगेचं कौतुक करताना रांगेत कोण उभं राहू शकत होतं तेही बघा. नातलग अमेरिकेत असलेले, किंवा सैन्यात, अमेरिकन कचेरीत काम केलेले. उत्तरेकडच्या हायफाँगच्या कोळ्याला रांगच नव्हती. तो कुठल्या खिडकीवर जाणार?

आणि "सुखरूप पोचलं" असं लिहिलंत. चौघं पोचले. मामा नाही.

टिवल्याबावल्या
+१ आजोबांना. आणि +१ गुलबक्षीला. (मी सदाशिव पेठेत राहतो, मला दोन्हीकडे राहता येतं.)

रेघोट्या
मी १९९३ ते ९७ हाँगकाँगला होतो, एका बँकेत. तिथलं थोडं सांगतो, कारण 'स्वेच्छा' हा शब्द सगळ्यात जास्त ताणला गेला तो हाँगकाँगमध्येच.

रेडिओवर चिनी गाणी चालू असताना मध्येच व्हिएतनामी भाषेत सरकारी निवेदन लागायचं. त्याचे पहिले शब्द "बात दाउ तू नाय", म्हणजे "आजपासून". आजपासून हाँगकाँगचं धोरण बदललं आहे, जे निर्वासित ठरणार नाहीत त्यांना परत पाठवलं जाईल, वगैरे. १९८८ पासून ते इतकं वाजलं की कँटोनीज लोकांच्या तोंडात ते चार शब्दच व्हिएतनामी माणसाचं टोपणनाव होऊन बसले. माझ्या ऑफिसातल्या पोरांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण चाल पाठ होती.

छावण्यांत सर्वांत मोठी व्हाइटहेड. मी आत कधी गेलो नाही, तशी सोयच नव्हती. पण आमच्या इथली एक बाई चर्चतर्फे शिकवायला जायची, ती सांगायची. पत्र्याच्या लांब शेड, त्यात तीन मजली फळ्या, फाटक्या चादरीचा पडदा लावला की एक कुटुंब. मुलं तिथेच जन्मली, तिथेच चालायला शिकली. त्यातल्या एका पोराने चित्रात झाड काढलं होतं ते कुंपणाच्या जाळीसकट. त्याने झाड तसंच पाहिलं होतं.

आता परतीचं. २ मार्च १९८९ ला पहिले ७५ जण राजीखुशीने हानोईला गेले. पण असे जाणारे थोडे आणि येणारे त्या वर्षी ३४ हजारांवर. मग १२ डिसेंबर १९८९ ला पहाटेच्या अंधारात दंगलविरोधी पोलिसांनी ५१ जणांना उठवून विमानात बसवलं. त्यात आठ पुरुष, बाकी बायका नि पोरं. जगभर बोंब झाली आणि ते थांबवावं लागलं. १९९१ च्या शेवटी दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू केलं. नाव काय ठेवलं? 'ऑर्डर्ली रिटर्न'. जायचं तेही ऑर्डर्ली, यायचं तेही ऑर्डर्ली. इंग्रजांकडून शिकावं.

तरी आजोबांचा एक मुद्दा मान्य. बहुतेक लोक शेवटी सही करूनच गेले, फरपटत नेलेले त्या मानाने कमी. पण फरपटत नेलेल्यांकडे बघूनच बाकीच्यांनी सह्या केल्या, हेही तितकंच खरं. परत जाणाऱ्याला उच्चायुक्तालयाकडून माणशी २४० ते ३६० डॉलर मिळायचे, हप्त्याहप्त्याने. काही पठ्ठे पैसे घेऊन गेले आणि पुन्हा बोटीने हजर झाले. अशांना छावणीत 'डबल बॅकर' म्हणत. मग पैशाचे नियम आवळले.

३ फेब्रुवारी १९९२ ची गोष्टही सांगायला हवी. त्यांच्या नववर्षाची आदली रात्र. शेक काँग छावणीत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांत मारामारी जुंपली, एका शेडला आग लावली. २४ माणसं जळून मेली. मी तिथे जायच्या आधीची घटना, पण मी असतानाही लोक दबक्या आवाजात बोलायचे.

कोल्हापुरी_रस्सा
थोडं अवांतर, पण कोल्हापूरचा संबंध आहे म्हणून सोडवत नाही.

'परत जायचंय की नाही' हे माणसाला विचारायचं कसं, हा प्रश्न सर्वांत आधी आपल्याच लष्कराच्या गळ्यात पडला होता. १९५३, कोरियाचं युद्ध थांबलं. साडेबावीस हजारांच्या वर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांच्यावर देखरेखीला भारतीय फौज गेली. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख आमच्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. एकेका कैद्याला तंबूत आणायचं, त्याच्या देशाचे अधिकारी त्याला समजावणार, "घरी चल." तंबूला दोन दारं. एकातून गेला तर मायदेश, दुसऱ्यातून गेला तर नाही. बोलायचीही गरज नव्हती, पाय कुठे वळतात ते बघायचं. बहुतेकांनी 'नाही'चं दार धरलं. कित्येक जण तर तंबूपर्यंत यायलाच तयार नव्हते. कैद्यांच्या बराकीत त्यांचेच म्होरके होते, "जातो" म्हणणाऱ्याचे हाल करायचे. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. ऐंशीच्या वर कैदी ना इकडे ना तिकडे, ते शेवटी भारतात आले.

मुद्दा एवढाच की सक्ती दर वेळी सरकारच करतं असं नाही. रेघोट्यांना विचारायचं होतं, हाँगकाँगच्या छावण्यांतही असं होतं का?

रेघोट्या
होतं तर. परत जायला नाव दिलं की शेडमधली टोळकी धमकावायची. म्हणून नाव दिलेल्यांना दुसऱ्या छावणीत हलवावं लागायचं. 'राहायचं' हीसुद्धा प्रत्येकाची स्वेच्छा नव्हती. हे लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं.

लाटांवर
मी सहसा इथे लिहीत नाही. चाळीस वर्षं बोटीवर काढली, आता अलिबागला असतो.

१९८१ च्या नोव्हेंबरात मी डेक कॅडेट होतो. भारतीय झेंड्याचं जहाज, कंपनीचं नाव घेत नाही. दक्षिण चीन समुद्रात, सिंगापूर दोन दिवसांवर. सकाळी आठच्या वॉचला थर्ड मेटला होडी दिसली. चाळीसेक फुटी मच्छीमार होडी, इंजिन बंद, कडेने माणसं लोंबकळल्यासारखी. मास्टर, म्हणजे कॅप्टन, ब्रिजवर आला. दुर्बिणीतून बघितलं आणि बराच वेळ गप्प.

तेव्हाचा नियम असा. वाचवलेल्या माणसांना सिंगापूर उतरू द्यायचं, पण जहाजाच्या झेंड्याच्या देशाने हमी दिली तरच की ९० दिवसांत यांना तिसरा देश घेईल. आपला देश कुठली हमी देणार? अशा झेंड्यांसाठी काही श्रीमंत देशांनी मिळून १९७९ पासून एक योजना चालवली होती, डिसेरो म्हणून. पण ती कागदपत्रं हलेपर्यंत जहाज बाहेर अँकरवर उभं, आणि कंपनीकडून तारांवर तारा. आमच्या कंपनीची एक तार आधीच येऊन पडली होती, "विलंब टाळावा." शब्द तेवढेच. त्यात होडी हा शब्द नव्हता.

मास्टरने इंजिन स्लो केलं. हीव्हिंग लाइन टाकली. दोरीने पाण्याचे कॅन, तांदळाची पोती, डिझेलचे ड्रम आणि एक चार्ट खाली सोडला. सेकंड इंजिनियर शिडीने उतरून त्यांचं इंजिन चालू करून आला, अर्धा तास लागला. तेवढ्यात एका बाईने आमची रिकामी झालेली बालदी धरून ठेवली आणि तिच्यात पोर बसवलं. वर बघून हाताने खूण करत होती, ओढा म्हणून. बालदीची दोरी माझ्या हातात होती. मी मास्टरकडे बघितलं. त्याने मान हलवली, नाही. मी दोरी सैल सोडली. तिने पोर उचललं, मग मी बालदी ओढून घेतली.

रेडिओवर आम्ही त्यांची पोझिशन कळवली. मास्टर वाईट माणूस नव्हता, सगळा दिवस जेवला नाही. दुसऱ्या जहाजांनी उचललेही लोक, पुष्कळ उचलले. आम्ही नाही उचलले.

खडूस_आजोबांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे. मला एवढंच लिहायचं होतं.

चाफेकळी
…

खडूस_आजोबा
लाटांवर, तुमच्यासमोर बोलायला माझ्याकडे काही नाही. वयाने मोठे असाल तर नमस्कार, लहान असाल तरी नमस्कार.

सिंगापूरची_सून
आम्ही इथून फेरीने इंडोनेशियाच्या बाटम बेटावर जातो, मराठी मंडळी तर दर लाँग वीकेंडला. मॉल, मसाज, सीफूड आणि परत. गेल्या वर्षी ड्रायव्हर म्हणाला, पूल ओलांडून खाली गलांग बेट आहे, 'काम्पुंग व्हिएतनाम' बघायचं का? गेलो.

इंडोनेशियाची छावणी होती ती, १९९६ ला बंद झाली. मोडक्या बराकी, एक बुद्धमंदिर, एक चर्च, तुरुंगाची खोली, आणि दोन-तीन बोटी जमिनीवर आणून ठेवलेल्या. बोट बघून मी नवऱ्याला म्हटलं, ही आपल्या वर्सोव्याच्या होडीएवढीसुद्धा नाही. कबरस्तान मात्र नीट ठेवलंय, पाचशेच्या आसपास थडगी. ताजी उदबत्ती होती, कोणीतरी येतं म्हणजे. २००५ मध्ये छावणीतून गेलेल्या लोकांनी तिथे आणि बिडोंगला स्मारकाची पाटी लावली होती. व्हिएतनामच्या सांगण्यावरून दोन्ही काढून टाकल्या.

गाइड म्हणाला की शेवटच्या काही वर्षांत छाननीत नापास झालेल्यांनी इथे उपोषणं केली, एकाने जाळूनही घेतलं. छाननी करणारे पैसे मागतात असे आरोप तेव्हा इंडोनेशिया आणि फिलिपिन्स दोन्हीकडे झाले होते. एकूण छाननीत निर्वासित ठरले ते शंभरातले अठ्ठावीसेक, हाँगकाँगला तर त्याहून कमी.

वकिली_डोकं
'स्वेच्छा' वर दोन ओळी (मी दोन म्हणतो तेव्हा वीस होतात).

कायद्याच्या भाषेत स्वेच्छा म्हणजे शारीरिक जबरदस्ती नसणं एवढंच नाही. माणसाला परतल्यावर काय वाढून ठेवलंय याची खरी माहिती हवी, आणि न जाण्याचा पर्याय जगण्यालायक हवा. दुसरी अट जवळजवळ कुठेच पाळली जात नाही. व्हिएतनामच्या बाबतीत पहिली मात्र बरीच पाळली. उच्चायुक्तालयाची माणसं, त्यांत व्हिएतनामी बोलणारेही, परतलेल्यांच्या गावोगाव जाऊन बघत होती. व्हिएतनामने बेकायदा गेल्याबद्दल खटले भरणार नाही असं लिहून दिलं होतं आणि ते बहुतांशी पाळलं. युरोपीय देशांनी परतलेल्यांसाठी कर्जं आणि प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालवला, शेजाऱ्यांच्या पोटात दुखू नये म्हणून गावकऱ्यांनाही त्यात घेतलं. हे शेवटचं मला फार शहाणपणाचं वाटतं.

याच्या शेजारी लाओस ठेवा. तिथले ह्माँग जमातीचे लोक अमेरिकेच्या बाजूने लढले होते. थायलंडच्या छावणीतला त्यांचा पुढारी व्हुए माय लोकांना "चला, मी आधी जातो" म्हणत परत गेला आणि १९९३ मध्ये लाओसची राजधानी व्हिएंतियानमधून नाहीसा झाला. आजवर पत्ता नाही. त्यानंतर कोण फॉर्मवर सही करेल? डिसेंबर २००९ मध्ये थायलंडने साडेचार हजार ह्माँग लोकांना लष्कर लावून परत पाठवलं.

कंबोडिया तिसराच प्रकार. १९९२-९३ मध्ये थाई सीमेवरून साडेतीन लाखांहून जास्त लोक वर्षभरात परत आणले, १९९३ च्या निवडणुकीच्या आत. आधी आश्वासन कुटुंबाला दोन हेक्टर जमिनीचं. मग लक्षात आलं की जमिनीत सुरुंग आहेत. शेवटी बहुतेकांनी रोख घेतली, मोठ्याला ५० डॉलर, मुलाला २५.

आणि आपण? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. १९७१ चे जवळजवळ एक कोटी लोक काही महिन्यांत परत गेले. तिथे कोणी स्वेच्छा तपासली नाही आणि तपासायची गरजही नव्हती, कारण ज्याच्या भीतीने पळाले ते कारणच संपलं होतं. १९९२ ला तमिळनाडूतून श्रीलंकेच्या तमिळांना परत पाठवताना मात्र ओरड झाली, तेव्हा उच्चायुक्तालयाला मद्रासमध्ये बसून स्वेच्छा तपासायची परवानगी मिळाली. पण छावण्यांत पाऊल ठेवायची नाही. म्हणजे परीक्षा घ्या, वर्गात येऊ नका.

टिवल्याबावल्या
मग रोहिंग्यांचं काय करायचं ते पण सांगा की वकीलसाहेब. आणि बांगलादेशी?

संपादक
वरच्या प्रतिसादावर आलेले सात प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयाचे तीन धागे चालू आहेत, तिकडे जा. इथे आग्नेय आशियाच राहू द्या.

चाफेकळी
मगाशी नुसती तीन टिंबं टाकून गेले, काही सुचेना. आता थोडं हलकं. पालावानला (फिलिपिन्स) फिरायला गेलो होतो. पुएर्तो प्रिन्सेसात गल्लोगल्ली 'चाओलाँग' नावाचं नूडल्सचं सूप मिळतं, सोबत लसूण-लोणी लावलेला फ्रेंच पाव. मला वाटलं तिथलाच पदार्थ. विचारल्यावर कळलं, व्हिएतनामी छावणीतून आलेला. १९९६ ला बाकी सगळे देश लोकांना परत धाडत असताना फिलिपिन्समध्ये चर्चने मध्यस्थी केली आणि अडीच हजारांच्या आसपास लोक राहिले. त्यांच्यासाठी गावाबाहेर 'व्हिएतव्हिल' वसवलं. २००५ नंतर बहुतेक जण अमेरिकेला गेले. सूप मागे राहिलं. आता विकणारे सगळे फिलिपिनो. चव मस्त, पावाला लसूण जरा जास्तच.

गुलबक्षी
सगळ्यांचे आभार, धागा माझ्या हातातून केव्हाच गेला आणि बरं झालं. वकिली_डोकं, "न जाण्याचा पर्याय जगण्यालायक हवा" हे मला हवं होतं ते वाक्य. आजोबा, तुमच्याशी अजून भांडण आहे, पण लहान झालंय.

एक राहिलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकेने एक शेवटची खिडकी उघडली. छावणीतून परत जायला तयार व्हा, व्हिएतनामला जा, तिथे आम्ही मुलाखत घेऊ आणि पटलं तर घेऊन जाऊ. अठरा हजारांच्या आसपास लोक त्यातून आले. म्हणजे बोटीने निघालेला माणूस शेवटी घरी जाऊन, रांगेत उभा राहून, विमानाने आला. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "माझ्या चुलतभावाचं तेच झालं. गलांगला सात वर्षं. आम्ही त्याला चिडवतो, तुझं तिकीट फार लांबचं पडलं."

लाटांवर काका, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. दाखवावा की नाही, दोन दिवस विचार केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, साल नक्की कुठलं? तिचा मामा ऑगस्ट १९८२ चा आहे. तुमचं नोव्हेंबर ८१ म्हणजे जुळत नाही, हे मी म्हटलं. तरी ती म्हणते, एकदा विचार. माणसं सालं विसरतात.

लाटांवर
सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका) काढून बघितली. त्या जहाजावर माझा साइन ऑन ऑगस्ट १९८१ चा, कांडल्याला. साइन ऑफ २ मार्च १९८२, विशाखापट्टणम. पुढचं जहाज इराणच्या आखातात. तेव्हा ती होडी त्यांच्या मामाची नाही. हे नक्की सांगा त्यांना, शिक्क्यानिशी आहे.

गुलबक्षी
सांगितलं. "बरं" म्हणाली. डबा अर्धा खाऊन झाल्यावर विचारलं, त्या होडीचं इंजिन चालू झालं होतं ना?

लाटांवर
हो. चालू झालं होतं. धूर काळा येत होता, पण चालू होतं. आम्हाला दिसेनाशी होईपर्यंत तरी चालू होतं.